एक जीबीचा संसार

आमच्या दाजींच्या घरातून चालू स्थितीतली एकही वस्तू आजवर भंगारवाल्याच्या हाती लागलेली नाही, आणि ‘चालू स्थिती’ची दाजींची व्याख्या फार उदार आहे. दिवा लागला की वस्तू चालू. या हिशेबानं त्यांचं २००९ सालचं नेटबुक अजून ऐन उमेदीत आहे. इंटेलचा अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम, १६० जीबीची घरघरणारी हार्ड डिस्क आणि दहा इंचांचा पडदा. भाचीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेलं. भाची इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, तिनं पुढं कितीतरी लॅपटॉप जुने केले. नेटबुक मात्र साताऱ्याला दाजींच्या टेबलावर, ताईनं विणलेलं क्रोशाचं झाकण पांघरून, आहे तिथंच आहे.

त्यात विंडोज एक्सपी होती. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीवरचा हात काढून घेतला. ही बातमी दाजींनी फारशी मनावर घेतली नाही. “त्यांनी हात काढला, आपण कुठं काढलाय?” अशी त्यांची भूमिका. मग १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची पाळी आली. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, प्रोसेसरही ठरावीक वयाच्या आतला लागतो. त्यामुळं दाजींबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे चांगले धडधाकट लॅपटॉपही एका रात्रीत म्हातारे ठरले. दाजींना इतक्या वर्षांनी सोबत मिळाली. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर या विषयाची रोज चर्चा झडू लागली आणि एक दिवस कुणीतरी म्हणालं, “लिनक्स टाका. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर पळतं.”

एवढं बोलून तो गृहस्थ पुढं निघून गेला. हा सल्ला देणारे नेहमी पुढं निघून जातात. कोणतं टाकायचं ते सांगायला कुणी थांबत नाही, कारण थांबलं तर दुपार होते.

मग फोन मला आला. “तू त्यातला ना? मग एक नाव सांग. एकच.”

“दाजी, एक नाही सांगता येत.”

“का? फुकट आहे ना? फुकटात एवढे प्रकार कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. पण दाजी निवृत्त असले तरी चौकस आहेत, आणि कुठल्याही गोष्टीत आधी घराणं विचारतात. तेव्हा मी सुरुवात घराण्यापासून केली. मूळ पुरुष युनिक्स. साल १९६९, अमेरिकेतली बेल लॅब्ज, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची. त्याची एक शाखा बर्कलीच्या विद्यापीठात वाढली, ती बीएसडी. पुढं १९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपल्या ३८६ मशीनवर सगळा कर्नल नव्यानं लिहिला, तो लिनक्स. त्यात जुन्या घराण्याचं रक्त नाही, चालीरीती मात्र सगळ्या तिथल्याच.

“म्हणजे दत्तक,” दाजी म्हणाले.

इतक्या थोडक्यात हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि दत्तकानंच इस्टेट वाढवली, हेही घराण्यांच्या इतिहासाला धरूनच झालं.

आता तुलना. जुन्या मशीनसाठी सिस्टीम शोधणारी मंडळी एकाच गोष्टीवर हातघाईवर येतात, ती म्हणजे हलकेपणा. “माझी सुरू झाल्यावर १८० एमबी रॅम खाते.” “माझी १२०!” “मी तर विंडो मॅनेजरच काढून टाकलाय, माझी साठ!” हा आकडा मोजतात कधी? तर मशीन नुकतं सुरू झालेलं असतं, पडद्यावर डोंगराचं चित्र असतं आणि कुणी काहीही करत नसतं. काहीही न करणाऱ्या मशीनला रॅम कमी लागते यात कौतुक कसलं? तेवढ्यासाठी तर वीजही लागू नये. या आकड्यांवर विश्वास ठेवून घरात मशीन लावलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी येतं, ब्राउझर उघडतं, एका मराठी वर्तमानपत्राची साइट लावतं, तिच्यात सहा जाहिराती आणि एक आपोआप सुरू होणारा व्हिडिओ असतो, आणि साठ एमबीवाल्याचा सगळा त्याग पाण्यात जातो.

पण हे दाजींना पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर पुढची गंमत झाली नसती. मी पेन ड्राइव्ह घेऊन साताऱ्याला गेलो.

पहिला मान टायनी कोअरचा. याचा मूळ गाभा १७ एमबीच्या आसपास आणि चित्रंबित्रं दिसणारा डेस्कटॉप घेतला तर आणखी पाच-सहा. दाजींच्या फोनवर ‘सुप्रभात’ची फुलं येतात, त्यांचं आठवड्याचं वजन याहून जास्त भरतं. सगळी सिस्टीम रॅममध्ये जाऊन बसते, त्यामुळं क्लिक करायचा अवकाश की खिडकी हजर. दाजी खूश झाले. त्यांनी एक पत्र टाइप केलं, मशीन बंद करून चालू केलं, तर पत्र नाही. मी समजावलं की याला काय लक्षात ठेवायचं ते आधी नीट नेमून द्यावं लागतं, नाहीतर हा दर वेळी कोऱ्या पाटीनं उठतो. दाजी म्हणाले, “घरात विसरणारा मी एक आहे. दुसरा नको.”

मग पपी. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर यांनी २००३मध्ये काढलेली ही सिस्टीम, आणि नाव त्यांच्या कुत्र्यावरून. हीसुद्धा रॅममध्ये राहते, पण बंद करताना “जतन करू का?” असं विचारण्याइतकी सभ्य आहे. मी घेतलेली पपी बरीच जुनी होती. डेस्कटॉप आला आणि नेटबुक भुंकलं. खरोखर भुंकलं, पपीची तशी रीतच आहे. स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली, पायरीवर गेली, अंगणात कुत्रं नाही हे बघून आत आली, तेवढ्यात मी पुन्हा सुरू करून दाखवलं. त्यानंतर नेटबुकला हात लावायचा झाला की ताई म्हणायची, “त्याला आधी गप्प करा.” शिवाय पपीत तुम्ही थेट रूट, म्हणजे सर्वाधिकारी म्हणूनच वावरता. तिच्या बाजूनं सांगायचं तर एकट्या माणसाच्या मशीनवर त्यानं फार बिघडत नाही. पण दाजींना सर्वाधिकार देण्याच्या कल्पनेला ताईचा तात्त्विक विरोध होता.

डॅम स्मॉल लिनक्सचं मात्र मला वाईट वाटतं. एके काळी ५० एमबीच्या आत सगळं बसवायचं अशी तिची प्रतिज्ञा होती, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर मावेल इतकं. मधली बरीच वर्षं ती गायब होती. २०२४मध्ये परत आली ती ७०० एमबीची मर्यादा घेऊन. नाव तेच. कॉलेजच्या मेळाव्यात वीस वर्षांनी भेटणाऱ्यांचं असंच होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. आता ती पूर्ण आकाराच्या एका सीडीवर बसते, आणि नेटबुकला सीडी ड्राइव्हच नसतो.

लुबुंटू आणि मिंट यांची नावं घेऊन पुढं जातो. दोन्ही देखण्या, शहाण्या, पाहुण्यांसमोर ठेवण्यासारख्या. पण त्यांना ६४ बिटांचा प्रोसेसर लागतो आणि एन२७० पडला ३२ बिटांचा. लुबुंटूनं २०१९च्या एप्रिलातल्या १९.०४ या आवृत्तीपासूनच ३२ बिटांना नमस्कार केलाय. “आपल्याकडचं काही नाही का?” असं दाजींनी विचारलं, तेव्हा मी सी-डॅकच्या बॉसचं नाव सांगितलं: भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, डेबियनवर उभी, मराठीसह आपल्या भाषांची सोय. दाजींची छाती फुगली. एक जीबीत तिचा थाट परवडणार नाही म्हटल्यावर परत बसली.

खरा रंग भरला तो अँटीएक्सनं. ही ग्रीसहून येते, डेबियनच्या पायावर. ती आपण फॅसिझमविरोधी असल्याचं छातीठोकपणे सांगते आणि आवृत्त्यांना चळवळीतल्या माणसांची, संघटनांची नावं देते. २३व्या आवृत्तीचं नाव आहे ‘आर्दिती देल पोपोलो’. मुसोलिनीच्या टोळ्यांशी रस्त्यावर भिडायला १९२१मध्ये इटलीत उभ्या राहिलेल्या पथकांचं हे नाव. दाजी नोकरीत असताना युनियनचे कार्यकर्ते होते. संगणक आले तेव्हा त्यांच्याविरुद्ध निघालेल्या मोर्चात घोषणा देणाऱ्यांत ते पुढं होते. त्यांनी हे नाव दोनदा म्हणून बघितलं आणि खुर्ची पुढं ओढून घेतली.

“आणि यात सिस्टीमडी नाही,” मी सांगितलं.

“ते काय असतं?”

मशीन सुरू होताना कुणी कधी उठायचं, काय करायचं, हे ठरवणारी ही यंत्रणा २०१०मध्ये आली. एकीच्या हाती इतका कारभार नको, असं जुन्या युनिक्सवाल्यांचं म्हणणं. डेबियननं ती स्वीकारायची की नाही यावरून २०१४मध्ये असा वाद पेटला की काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली. दाजी हे सगळं मन लावून ऐकत होते. “आमच्या युनियनमध्येपण फूट पडली होती,” ते म्हणाले. “फार मोठी. कारण आता कुणालाच आठवत नाही.”

अँटीएक्स सुरू झाली, दोनशे एमबीच्या आतबाहेर रॅम घेऊन शांत बसली. भुंकली नाही, विसरली नाही. मग खऱ्या अडचणी पुढं आल्या, आणि त्यांचा सिस्टीमच्या हलकेपणाशी काही संबंध नव्हता.

पहिली, तारीख. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळं दर वेळी मशीन सुरू झालं की २००९ साल उजाडायचं. इंटरनेटवरची सगळी प्रमाणपत्रं ‘अजून लागूच झालेली नाहीत’ असं ठरवून ब्राउझर एकही साइट उघडेना. माणसं यावर रात्ररात्र सिस्टीम बदलत बसतात. सीआर२०३२ नावाची बॅटरी घड्याळवाल्याकडं मिळते. ती घातली आणि नेटबुक वर्तमानात आलं.

दुसरी, अक्षरं. काटकसर करणाऱ्या बऱ्याच सिस्टीम देवनागरी फाँटलाही फाटा देतात, त्यामुळं मराठी मजकुराच्या जागी नुसत्या चौकोनांच्या रांगा दिसतात. लोहित हा फाँट घातला की चौकोनांची अक्षरं होतात. टायपिंगला तर काहीच लागलं नाही, कीबोर्डांच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट मुळातच असतो. दाजींनी टाइपरायटरवर मराठी चाळीसची परीक्षा दिलेली, त्यामुळं त्यांना प्रत्येक अक्षर चुकीच्या जागी सापडत होतं आणि प्रत्येक वेळी ते सरकारला जबाबदार धरत होते.

तिसरी अडचण नेटबुकवाल्यांनाच कळेल. पडदा १०२४ गुणिले ६००. आजकालच्या खिडक्या उंच असतात, म्हणून ‘ठीक आहे’चं बटण पडद्याच्या खाली, टेबलाच्या पातळीत कुठंतरी असतं. खिडकी वर सरकवावी तर तिची वरची पट्टी आधीच कडेला टेकलेली. ऑल्ट दाबून धरायचं, खिडकीला मधेच कुठंही माऊसनं पकडायचं आणि सरळ आभाळात ढकलायचं. खालून बटण उगवतं. दाजींना संगणकातली ही एक युक्ती इतकी आवडली की गरज नसतानाही ते खिडक्या वर ढकलून बघतात.

आणि शेवटी ब्राउझर. इथं मात्र हात टेकावे लागतात. क्रोमनं ३२ बिटांच्या लिनक्सला २०१६मध्येच निरोप दिला, फायरफॉक्सनंही २०२५मध्ये तोच निर्णय जाहीर केला. जुनी लांब मुदतीची आवृत्ती तेवढी काही काळ चालेल. डिलो नावाचा एक ब्राउझर आहे, क्षणात उघडतो, पण जावास्क्रिप्ट त्याला अजिबात कळत नाही. त्यामुळं बँकेची साइट त्याच्यात पांढरीशुभ्र दिसते. फायरफॉक्समध्ये एक टॅब उघडला की नेटबुक विचारात पडतं. दुसरा उघडला की हार्ड डिस्कचा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. तिसऱ्या टॅबला ताई चहा टाकते. नाट्यसंगीत ऐकायला दाजी यूट्यूब लावायचे तेव्हा तानेच्या मधोमध असा विराम यायचा की गायकाचीच काळजी वाटावी. तोच पत्ता एमपीव्ही नावाच्या प्लेअरला दिला आणि चित्र बारीक ठेवलं, तर गाणं सलग चालतं.

म्हणून विचारणाऱ्याला मी हल्ली सिस्टीमचं नाव सांगण्याआधी रॅमचं सांगतो. पुण्यात तपकीर गल्लीत चिकाटीनं विचारत गेलं तर दोन जीबीची जुनी डीडीआर२ पट्टी मिळून जाते. एन२७०ला तेवढीच चालते, त्यापुढं तो घेत नाही. घरघरणाऱ्या डिस्कच्या जागी एक स्वस्तातली एसएसडी. या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो वर्षभर सिस्टीम बदलून पडत नाही. पण हे ऐकायला कुणी तयार नसतं. पैसे खर्चून प्रश्न सोडवायचा, तर मग फुकटच्या सिस्टीमचा उपयोग काय, असा रास्त मुद्दा निघतो.

मशीन आता बरं चाललं होतं. अशा वेळी शहाणा माणूस पेन ड्राइव्ह खिशात घालतो. पण दाजींनी विचारलं, “ती दुसरी शाखा राहिली की. दत्तक नसलेली.”

बीएसडींचा मोह वाईट. फ्रीबीएसडीचं चिन्ह म्हणजे हातात त्रिशूळासारखं काही घेतलेला छोटा लाल सैतान. ताईनं तो पाहिला आणि विषय तिथंच मिटला. तसंही १५व्या आवृत्तीपासून तिनं ३२ बिटांची मशीनं सोडलीच आहेत. नेटबीएसडी पन्नासाहून जास्त प्रकारच्या यंत्रांवर चालते. २००५मध्ये तर एका कंपनीनं ती टोस्टरमध्ये बसवून दाखवली होती, टोस्टर पाव भाजत असताना. हे ऐकल्यावर दाजींची नजर स्वयंपाकघरातल्या बिघडलेल्या मायक्रोवेव्हकडं गेली, म्हणून मी घाईनं ओपनबीएसडीकडं वळलो.

ओपनबीएसडी कॅनडातून येते. थिओ डी राट यांनी १९९५मध्ये नेटबीएसडीतून बाहेर पडून काढलेली. चिन्ह काटेरी फुगा मासा. दर सहा महिन्यांनी आवृत्ती, आणि बऱ्याच आवृत्त्यांबरोबर चक्क एक नवं गाणं. सुरक्षेचं वेड असं की २०१४मध्ये ब्लूटूथचा कोड पटला नाही, तर काढूनच टाकला. दर वेळी सुरू होताना ती आपल्या लायब्रऱ्यांची आतली जुळणी बदलते आणि मागं कर्नलही नव्यानं जोडून ठेवते, म्हणजे हल्ला करणाऱ्याला कुठं काय आहे त्याचा अंदाज लागू नये. अ‍ॅटमवर याला चांगला वेळ लागतो. पडद्यावर ओळी सरकत असताना दाजींनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “एवढी मेहनत करून आत आलेला माणूस नेणार काय? मंडळाच्या वर्गणीचा हिशेब?”

तरी तिचं मॅन्युअल मला मनापासून आवडतं. नेट नसताना, एकट्यानं, नुसत्या मॅन पानांवर सगळं जमवता येईल इतकं नेटकं लिहिलेलं. दाजींनी त्यातली दोन पानं वाचली आणि “हे लोक मसुदा चांगला करतात” असा शेरा दिला. युनियनच्या माणसाकडून याहून मोठी पावती नाही. पण डेस्कटॉप म्हणून जे उघडलं ते नव्वदच्या दशकातलं, करड्या चौकटींचं. ताई म्हणाली, “आपण पुढं चाललोय ना?” अँटीएक्स परत आली.

निघताना मी बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७०पासून सेकंद मोजतं, आणि ३२ बिटांत ते आकडे १९ जानेवारी २०३८ला संपतात. आपल्याकडं तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला जुनी मशीनं थेट १९०१मध्ये जाऊन पडतील. नेटबीएसडीनं २०१२मध्ये आणि ओपनबीएसडीनं २०१४मध्ये ३२ बिटांच्या मशीनवरही मोठं घड्याळ बसवून टाकलंय. डेबियननं इतर ३२ बिटी मशीनांचं करून घेतलं, नेमकी दाजींच्या जातकुळीची मशीनं तेवढी मागं ठेवली.

मला वाटलं, या माहितीवर ते हसतील. त्यांनी चष्मा लावला, फोनमधलं कॅलेंडर २०३८पर्यंत ढकलत नेलं आणि वार बघितला. मंगळवार.

“म्हणजे तोवर हे चालेल,” दाजी म्हणाले. “तू सोमवारीच ये. रात्रीत ते माशाचं टाकून घेऊ.”